साध्य, असाध्य आणि मधले अंतर : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक इतिहास (थ्रेड)

१/ १९८९ साली, जानेवारी आणि फेब्रुवारी या लागोपाठच्या महिन्यांत, दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. पहिला लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि तो गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांमधल्या स्त्रियांविषयी होता. दुसरा अमेरिकेच्या ‘सायन्स’मध्ये आला, त्याचा विषय होता एका विषाणूचे एक छोटे प्रथिन. या दोन निबंधांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तरीही महाराष्ट्रातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा इतिहास समजून घ्यायचा, तर दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावे लागतात. हा थ्रेड त्या वाचनाचा आहे.

२/ सुरुवात एका जुन्या शब्दापासून करू. उपचाराला हात घालण्यापूर्वी वैद्याने रोगाची ‘साध्यासाध्यता’ पाहावी, असे आयुर्वेदाच्या संहिता सांगतात. चरकसंहितेत रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे भेद येतात. ‘याप्य’ म्हणजे बरा न होणारा, पण उपचाराने आटोक्यात राहणारा. आधुनिक वैद्यक याच विचाराला ‘प्रोग्नोसिस’ म्हणते आणि मराठी परिभाषेत त्याला ‘पूर्वानुमान’ म्हणतात. प्रश्न तोच आहे : या रुग्णाचे पुढे काय होणार?

३/ गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा प्रश्न आज असा विचारला जातो. दोन स्त्रियांचा आजार पूर्वावस्थेत सापडला, दोघींवर सारखेच उपचार झाले. एकीचा आजार कायमचा गेला, दुसरीचा दोन वर्षांनी परतला. हा फरक गाठीतल्या एखाद्या प्रथिनावरून आधीच ओळखता येईल का? अशा प्रथिनांना ‘ट्यूमर मार्कर’ म्हणतात. त्यांचा इतिहास मोठा रंजक आहे. मात्र त्यांच्याआधी उभा राहतो तो दुसराच प्रश्न : पूर्वावस्थेत सापडते कोण?

४/ ‘पूर्वावस्था’ ही कल्पनाच मुळात शंभर वर्षांची आहे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात रेडियमने या रोगावर उपचार होऊ लागले. प्रत्येक शहर आपापले यशाचे आकडे सांगे, पण कोणी लहान गाठी मोजल्या होत्या, कोणी मोठ्या. तुलना होईना. म्हणून राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने १९२९ साली या कर्करोगाचे चार अवस्थांत वर्गीकरण ठरवून दिले. कर्करोगाच्या अवस्था ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचा हा अगदी आरंभीचा टप्पा. पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिगो’ने, ही जबाबदारी घेतली.

५/ कित्येक दशके ही अवस्था मुख्यतः डॉक्टरांच्या हाताने तपासून ठरत असे. त्यामागे कारण होते. या रोगाच्या बहुसंख्य रुग्ण गरीब देशांतल्या, आणि तिथे महागडी यंत्रे सर्वत्र नसत. २०१८ साली ‘फिगो’ने नियम बदलले. स्कॅन आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी यांना स्थान मिळाले आणि लसिकाग्रंथींत पोहोचलेल्या आजारासाठी ‘३ क’ ही स्वतंत्र अवस्था आली. पूर्वी जी स्त्री पहिल्या अवस्थेत धरली असती, ती लसिकाग्रंथीत आजार दिसल्यास आता तिसऱ्या अवस्थेत धरली जाते. शरीर तेच असते. वर्गवारी मात्र काळाप्रमाणे बदलते. जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे विसरू नये.

६/ आता रोगाच्या कारणाकडे वळू. १८४२ साली इटलीतील रिगोनी-स्टर्न या डॉक्टरने व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी चाळून एक निरीक्षण मांडले : गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत अधिक आढळतो, मठातील जोगिणींत क्वचित. कारण कळण्यास जवळजवळ दीड शतक लागले. १९८३ साली हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या जर्मन प्रयोगशाळेने या कर्करोगाच्या गाठींमध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, सोळावा प्रकार शोधला. पाठोपाठ अठरावा प्रकार सापडला. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

७/ या शोधाच्या वाटेवर एक नाव येते : हेन्रिएटा लॅक्स. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ साली या कृष्णवर्णीय स्त्रीवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार झाले. तिच्या गाठीतील पेशी तिला न विचारता प्रयोगशाळेत गेल्या. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या ३१ व्या वर्षी, ती वारली. पेशी मात्र वाढतच राहिल्या. ‘हेला’ नावाने त्या जगभर पोहोचल्या. १९८० च्या दशकात त्याच पेशींत एचपीव्हीचा अठरावा प्रकार आढळला. ज्ञान कोणाच्या शरीरातून येते आणि परत कोणापर्यंत पोहोचते, हा प्रश्न इथेच सुरू होतो.

८/ विषाणू पेशीत शिरून नेमके काय करतो? फेब्रुवारी १९८९ मधला ‘सायन्स’चा निबंध याचे अर्धे उत्तर होते. आपल्या पेशीत ‘आरबी’ नावाचे प्रथिन असते. पेशीने विनाकारण विभाजित होऊ नये म्हणून ते लगाम धरून बसते. विषाणूचे ‘ई७’ हे प्रथिन त्यालाच जाऊन चिकटते आणि लगाम सुटतो. उरलेले अर्धे उत्तर १९९० साली मिळाले : विषाणूचे ‘ई६’ हे दुसरे प्रथिन ‘पी५३’ या पेशीच्या रखवालदाराला नष्ट करवते. एकीकडे लगाम गेला, दुसरीकडे पहारा उठला. पुढची गाठ वर्षानुवर्षांच्या अवधीत तयार होते.

९/ त्यामुळे संशोधकांची पहिली आशा ‘पी५३’वर होती. हे प्रथिन १९७९ साली सापडले होते. इतर अनेक कर्करोगांत त्याचे जनुकच बिघडते आणि बिघडलेले प्रथिन पेशीत साचते. सूक्ष्मदर्शकाखाली ते रंगवून पाहता येते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र जनुक बहुधा शाबूत असते. प्रथिन तयार होते आणि विषाणू ते संपवत राहतो. म्हणून पूर्वावस्थेतील गाठींत ‘पी५३’ मोजून पूर्वानुमान सांगण्याचे प्रयत्न एकमेकांशी जुळले नाहीत. काहींना संबंध दिसला, काहींना दिसला नाही.

१०/ ‘पी१६’ची गोष्ट याहून उद्बोधक आहे. १९९३ साली वर्णन झालेले हे प्रथिन स्वतः विभाजन रोखणारे. मग कर्करोगात ते कमी असायला हवे. इथे ते भरपूर आढळते. कारण असे : ‘आरबी’चा लगाम तुटला की पेशी घाईघाईने ‘पी१६’ बनवत सुटते, पण ते ज्या यंत्रणेतून काम करते तीच मोडलेली असते. गाडीचा ब्रेक निकामी झाल्यावर चालकाने पायाने तो दाबतच राहावे, तसे. या ‘पी१६’वरून विषाणूचे काम रोगतज्ज्ञाला ओळखता येते, म्हणून निदानात त्याचे मोल मोठे आहे.

११/ पण जी खूण जवळजवळ सर्वच रुग्णांत सापडते, ती त्यांच्यातला फरक कसा सांगणार? निदानाची उत्तम खूण पूर्वानुमानाला दुबळी पडते, ती इथे. उपयोग होतो तो उलट बाजूने. ज्या थोड्या गाठींत विषाणूचा हात नसतो, त्यांत ‘पी१६’ बहुधा दिसत नाही आणि त्या गाठींचे पूर्वानुमान तुलनेने वाईट असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात म्हणूनच एचपीव्हीशी संबंधित आणि एचपीव्हीविना होणारे, असे दोन गट केले आहेत.

१२/ तिसरी खूण रक्तातली. १९७७ साली जपानमधील काटो आणि तोरिगोए यांनी या कर्करोगाच्या गाठीतून मिळालेले एक प्रतिजन रक्तात मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तेच पुढे ‘एससीसी अँटिजेन’ म्हणून रूढ झाले. उपचारापूर्वी त्याची पातळी जास्त असेल, तर लसिकाग्रंथींत आजार असण्याची शक्यता वाढते. उपचारानंतर ती पुन्हा चढू लागली, तर आजार परतल्याचा इशारा मिळू शकतो. मात्र हे प्रामुख्याने शल्कपेशींच्या कर्करोगाला लागू पडते. आणि अगदी लहान गाठीत ही पातळी अनेकदा सामान्यच असते, त्यामुळे निरोगी दिसणाऱ्या स्त्रियांच्या चाळणीसाठी ती उपयोगी नाही.

१३/ अशा खुणांवर जगभर असंख्य अभ्यास झाले. बरेचसे लहान होते, प्रत्येकाची मोजण्याची रीत निराळी होती, आणि अनुकूल निष्कर्षच छापून येण्याकडे कल होता. २००५ साली ट्यूमर मार्करच्या अभ्यासांसाठी ‘रिमार्क’ नावाची नियमावली करावी लागली, ती याच गोंधळामुळे. आजही पूर्वावस्थेत डॉक्टर प्रथम पाहतात त्या गोष्टी जुन्याच आहेत : गाठीचा आकार, ती किती खोल गेली, सूक्ष्म वाहिन्यांत शिरली का, लसिकाग्रंथींत पोहोचली का. प्रथिने त्यांच्या जोडीला येतात. त्यांची जागा घेण्याइतका पुरावा अजून उभा राहिलेला नाही.

१४/ आता १९८९ च्या जानेवारीकडे येऊ. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच दशकात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापून इथे काम सुरू केले. डॉ. राणी बंग स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांवरून गावाचा अंदाज बांधायचा नाही, गावातल्याच स्त्रियांना तपासायचे, असे त्यांनी ठरवले. हे त्या काळी जगातही फारसे कोणी केले नव्हते.

१५/ दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. यांतले बहुतेक आजार संसर्ग, दाह, मासिक पाळीच्या तक्रारी असे होते. हा कर्करोगाचा अभ्यास नव्हता. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे : यापूर्वी कधीतरी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. शंभरातल्या ब्याण्णव जणींची अंतर्गत तपासणी कोणी कधी केलीच नव्हती. मग पूर्वावस्था पाहणार कोण?

१६/ हे मौन शब्दांतही दिसते. मराठी घरांत गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात आणि पांढऱ्या स्रावाला ‘अंगावरून जाणे’. तक्रार सांगितली जाते ती बहुधा घरातल्या बाईलाच, तीही आडवळणाने. गडचिरोलीतल्या स्त्रिया आपल्या शरीराविषयी, पाळीविषयी, आजारांविषयी काय समजतात आणि कोणत्या शब्दांत बोलतात, हे डॉ. राणी बंग यांनी पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात मांडले. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ते दस्तऐवज म्हणून वाचावे, असे आहे.

१७/ याच जिल्ह्याच्या दक्षिणेला मुलचेरा तालुका आहे. दाट जंगल, विखुरलेली गावे. माडिया आणि गोंड वस्त्यांच्या जोडीला इथे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. मराठी, माडिया, गोंडी, तेलुगू आणि बांगला या भाषा एकाच तालुक्यात कानावर पडतात. आरोग्याचा संदेश यांपैकी कोणत्या भाषेत द्यायचा, हाही प्रश्नच. कर्करोगाच्या पूर्ण उपचारांसाठी नागपूर गाठायचे तर प्रवास दोनशे किलोमीटरांहून अधिक, आणि मुंबई हजार किलोमीटरच्या आसपास. रेडिओथेरपी एका दिवसात संपत नाही. आठवड्यामागून आठवडे तिथे राहावे लागते आणि तितके दिवस मजुरी बुडते.

१८/ मुंबईचा इतिहास निराळा. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तिथे कर्करोग-विकृतिशास्त्राचा पाया घातला. १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. पण हे सारे शहराचे आकडे होते. ग्रामीण भारतात कर्करोग किती, याची पद्धतशीर नोंद १९८७ पर्यंत नव्हती. त्या वर्षी ती सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली : देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळला, तो गर्भाशयमुखाचाच कर्करोग.

१९/ बार्शीच्या नोंदणीत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगावी जात, तेव्हा लोकांना लक्षणेही सांगत : पाळी नसताना रक्त जाणे, संबंधानंतर रक्तस्राव, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जाणे. अशी लक्षणे असलेल्यांना ते तपासणीस पाठवत. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले, की अवघ्या काही वर्षांत या भागात पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत निदान होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. कोणतेही नवे यंत्र आले नव्हते. माणसे बोलली आणि बायका लवकर आल्या.

२०/ १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. ५२ ग्रामसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, चार गट. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटाला चाळणी नाही, नेहमीच्या सेवा तेवढ्या. इथे प्रयोगशाळा आणि खेडे प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर समोरासमोर आले. १९८० च्या दशकात ज्या विषाणूचे गुपित उलगडले, त्याचीच चाचणी आता मराठवाड्यातल्या गावात होत होती.

२१/ निष्कर्ष २००९ साली आले. आठ वर्षांच्या काळात एचपीव्ही गटात ३४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या; चाळणी नसलेल्या गटात ६४. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या अवस्थेतील रुग्ण अनुक्रमे ३९ आणि ८२. दोन्ही गट आकाराने फारसे वेगळे नव्हते आणि एकूण कर्करोगही जवळजवळ सारखेच सापडले होते : १२७ आणि ११८. फरक होता तो अवस्थेत. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने रोग लवकरच्या बाजूला सरकला आणि मृत्यू जवळपास निम्मे झाले. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणावी तशी घट दिसली नाही.

२२/ या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ज्या काळात चाळणीने जीव वाचतात हे जगाला ठाऊक होते, त्या काळात एका गटाला चाळणीविना ठेवणे न्याय्य होते का, यावर पुढे तीव्र वाद झाला. तसे गट नेमले नसते तर गरीब देशांसाठी पुरावाच मिळाला नसता, असे एका बाजूचे म्हणणे. तसा पुरावा श्रीमंत देशांतील स्त्रियांवर अशा रीतीने कोणी मिळवला असता का, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न. हेन्रिएटा लॅक्सच्या पेशींपासून सुरू झालेला प्रश्न इथेही संपत नाही.

२३/ मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून झालेल्या दुसऱ्या प्रयोगाने आणखी एक धडा दिला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून ॲसिटिक ॲसिडची तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत करवून घेतली. १२ वर्षांनंतर चाळणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी दिसले. धाराशिवमध्ये एकदाच केलेल्या तपासणीने जे साधले नाही, ते मुंबईत पुनःपुन्हा केल्याने साधले. त्यामुळे पद्धतीइतकेच सातत्यही मोजावे लागते.

२४/ आणि आज? भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नव्या रुग्ण आणि पाऊण लाखाहून अधिक मृत्यू, असा अंदाज आहे. २०१६ पासून सरकारी धोरणात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची तपासणी समाविष्ट आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयोगटात ही चाचणी कधीतरी झालेल्या स्त्रिया देशभरात शंभरामागे सुमारे दोनच निघाल्या. गडचिरोलीच्या आठ टक्क्यांशी याची थेट तुलना करता येत नाही, कारण मोजलेली गोष्ट वेगळी. पण दोन्ही आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात.

२५/ पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे. पूर्वावस्थेतील दोन स्त्रियांपैकी कोणाचा आजार परतेल, हे उद्या एखादे प्रथिन अचूक सांगेलही. ते संशोधन व्हायलाच हवे. कोणाला अधिक उपचार हवेत आणि कोणाला कमी पुरतील, हे त्यातून ठरेल. पण अशा अभ्यासात मोजली जाते ती पूर्वावस्थेत रुग्णालयाचे दार गाठलेली स्त्री. जी तिसऱ्या अवस्थेत पोहोचते किंवा पोहोचतच नाही, तिची गाठ त्या काचपट्टीवर कधी येतच नाही. साध्य आणि असाध्य यांच्यातली रेषा प्रथिने आखतात, तशीच ती रस्ता, मजुरी, भाषा आणि संकोचही आखतात.

२६/ म्हणून या रोगाचा इतिहास लिहिताना बाल्टिमोर आणि बार्शी, ‘ई७’ आणि ‘अंगावरून जाणे’, हे सारे एकाच कालपटावर मांडावे लागते. आता एचपीव्ही चाचणीसाठी स्त्रीला स्वतःच नमुना घेता येतो, आणि जागतिक आरोग्य संघटना हीच चाचणी प्राधान्याने वापरावी असे सुचवते. धाराशिवच्या खेड्यांतून मिळालेला पुरावा या शिफारशीमागे आहे. तो नमुना मुलचेऱ्यातल्या घरातून निघून अहवाल होऊन वेळेत परत कधी येऊ लागला, ही नोंद ज्या वर्षी करता येईल, ते वर्ष या इतिहासात १९८९ इतकेच महत्त्वाचे ठरेल.

(थ्रेड समाप्त. आपल्या गावात, तालुक्यात अशी तपासणी शिबिरे केव्हा सुरू झाली, कोणी नेली, लोक काय म्हणाले, हे घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारून लिहून ठेवा. रोगाच्या इतिहासाची साधने बऱ्याचदा माणसांच्या आठवणींतच असतात.)